झुंबरबाईचा गुरदा

डोणगावात कुणाकडे बारसं असलं, की बाळ पाळण्यात घालायला शालूबाईला बोलावणं यायचं आणि पोळ्या लाटायला झुंबरबाईला. दोघी सख्ख्या बहिणी आणि हिंमतरावाच्या दोन बायका. मोठ्या झुंबरची कूस उजवेना म्हणून माहेरच्यांनी धाकट्या शालूलाही त्याच घरात दिलं. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची बंदी नव्हती. बहीणच सवत असली म्हणजे जाच होणार नाही, असं त्यांच्या आईला वाटलं होतं. जाच झाला नाहीच. झुंबरबाई मात्र जळत राहिली, आणि चांगली मन लावून जळत राहिली. शालूच्या लेकरांना न्हाऊमाखू घातलं तिनं, तापात उशाशी बसली ती. पण गुडघा फुटला की पोरं 'माय वं' करत धावायची धाकटीकडेच.

१९७४ साली शालूबाईच्या अंगावर सूज चढली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं, दोन्ही गुरदे, म्हणजे मूत्रपिंडं, निकामी. घरातल्या कुणी एक दिला तरच बाई वाचेल. थोरला निवृत्ती बाही सारत पुढे झाला. सगळ्यांचे डोळे भरले. झुंबरबाईचेही भरले, पण आपल्यासाठी असं कोण उठलं असतं, या विचारानं.

तपासणीत सगळं बिनसलं. निवृत्तीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शालूबाईच्या रक्तद्रवात घातल्या, तर त्या मेल्या. धाकट्या दोघांच्याही मेल्या.

डॉक्टरांनी समजावलं, "गरोदरपणी आणि बाळंतपणात मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. मुलातला वडिलांकडून आलेला वाटा तिच्या शरीराला परका वाटतो. त्याच्याविरुद्ध यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली आहेत. मुलाचा गुरदा बसवला तर ती त्याला लगेच मारतील."

झुंबरबाईच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ज्या लेकरांच्या जिवावर शालू गावभर मिरवली, त्यांचंच तिला चालेना! बहीण मरणाच्या दारात आणि आपल्याला गोड वाटतंय, याची तिला लाजही वाटली, पण गोड वाटायचं काही थांबेना.

मग तिचंही रक्त तपासलं, आणि ते जुळलं.

"मी वांझ, म्हणून माहं रक्त साफ हाय ना, डॉक्टरसाहेब?" तिनं मान ताठ करून विचारलं.

"तसं नाही, बाई. तुम्ही दोघी एका आईबापाच्या. तुमच्या पेशींत त्या प्रतिपिंडांना परकं काही सापडलं नाही, एवढंच."

झुंबरबाईचा चेहरा पडला. हिंमतरावाची खूण शालूच्या रक्तापर्यंत पोचली होती, आणि त्याच्याच घरात जन्म घालवून हिच्या रक्तात त्याचं काहीच नव्हतं.

"मी नाही देत," ती हिंमतरावाला म्हणाली.

त्यानं भर व्हरांड्यात हात जोडले. "झुंबर, वाचव वं तिले."

"माह्यासाठी जोडले असते का हात?"

त्याचे जोडलेले हात सुटले. झुंबरबाई तणतणत शालूच्या खाटेशी गेली.

शालूला बोलताना धाप लागत होती. "अक्का, राहू दे. तुह्या जिवाले काही झालं तर लेकराईकडे कोण पाहीन?"

मरतानाही हिचाच चांगुलपणा वरचढ! झुंबरबाईला ते सहन होईना. शालूच्या पोटात तीन लेकरं वाढली; आता निदान आपलं काहीतरी तिथं राहू दे, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी झुंबरबाई कुशीवरचे टाके सांभाळत पडली होती. निवृत्ती धावत आला.

"मोठीमाय, गुरदा चालू झाला! मायले लघवी होऊन राह्यली, सूज उतरून राह्यली! डॉक्टर म्हणते, मायचा गुरदा लय झ्याक हाय!"

"मायचा?"

"हाव!" म्हणून तो हसत माघारी पळाला.

"अन् मी कशी हाय बे?" झुंबरबाईनं विचारलं. तोवर तो जिना उतरून शालूकडे गेला होता.