पाच डब्यांची पाच भोकं

कप आधी खाली ठेवा. हसताना चहा सांडेल आणि मग म्हणाल, नानानं भाजलं! आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला, पण एकदा माझ्यापायी एका अख्ख्या साखर कारखान्यातली हवाच नाहीशी झाली होती. हो, हवा! माणसं जागच्या जागी, हवा मात्र गायब.

माझा मूळ धंदा डाग द्यायचा. फुटकी बादली, गळकी घागर, स्टोची टाकी, काय वाटेल ते आणा. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण भोक माझ्या नजरेतून सुटायचं नाही. भांडं उन्हाकडं धरायचं, एक डोळा मिटायचा. आत चांदणी चमकली की समजायचं, इथं गळतंय. मग लावा डाग.

पुढं घराघरांतली भांडी प्लास्टिकची झाली आणि माझे हात रिकामे झाले. तेव्हा सुधाकररावांनी मला कामाला बोलावलं. हा सांगलीचा शिकलेला पोरगा. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड घेऊन हवा मोजायचं यंत्र करत होता. त्याच्या आईचा स्टो मी कितीदा दुरुस्त केलेला, म्हणून माझ्यावर जीव.

हवा कशी मोजायची? मलाही हाच प्रश्न. सुधाकररावांनी समजावलं. बुचाएवढी एक डबी. तळाला शिशाचा तुकडा, वर सोन्याचं पाणी दिलेली चकती, मध्ये पोटॅशचं पाणी. हातावर सांडलं तर कातडी सोलून निघायची असलं जहाल! चकतीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखा ताणलेला पडदा. हवेतला प्राणवायू त्यातून झिरपतो, शिसं तो खातं आणि खाता खाता इवलीशी वीज तयार होते. जितका प्राणवायू, तितकी वीज, तितकी सुई वर. चांगल्या हवेत सुई एकवीसवर. सगळं शिसं खाऊन संपलं की डबी बाद.

"म्हंजे ही डबी जेवती म्हना की!" मी म्हणालो.

"अगदी बरोबर नाना. फक्त गळता कामा नये. एक थेंब गळला तर मेहनत पाण्यात."

गळता कामा नये! हा माणूस कुणाला सांगत होता? मला!

सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मळीच्या मोठ्या टाक्या होत्या. टाकी रिकामी झाली की माणूस आत उतरून घासायचा. आत मळी आंबून वाईट हवा साठते, ती दिसत नाही. आदल्या साली दोघं आत उतरले आणि तिथंच आडवे झाले. दोरानं ओढून काढले म्हणून वाचले. कंदील आत सोडून विझतो का बघावं तर शेजारी स्पिरिटची भट्टी, भडकाच उडायचा. म्हणून तिथल्या केमिस्टसाहेबांनी सुधाकररावांना बोलावलं होतं. यंत्र चाललं तर माणसं वाचणार आणि आमची शेडही.

जायच्या आदल्या दिवशी सुधाकररावांनी पाचही डब्या तपासल्या. सुई बरोब्बर एकवीस. "नाना, आता नीट पुसून बांधा," म्हणाले आणि एसटीच्या तिकिटासाठी गेले.

मी एका डबीचं वरचं झाकण काढलं. जुनी खोड, धरलं उन्हाकडं, मिटला डोळा.

चांदणी!

दुसरं धरलं. चांदणी. तिसरं, चौथं, पाचवं... अहो, पाचच्या पाच फुटकी! टाचणीच्या टोकाएवढं भोक, नेमकं मधोमध. एवढा हुशार पोरगा आणि झाकणं भोकाची केली? उद्या चारचौघांत फजिती व्हायची. सांगावं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल. मी खिशातली लाख काढली, तापवली, प्रत्येक भोकावर एकेक टिपका दिला, वर अंगठ्यानं सफाई केली. दिसू नये अशी! असलं काम आयुष्यात केलं नव्हतं. झाकणं बसवली आणि सुखानं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात केमिस्टसाहेबांच्या टेबलावर यंत्र मांडलं. टाकीत उतरणारा गणपा दोर खांद्यावर घेऊन दारात उभा.

सुधाकररावांनी बटण दाबलं. सुई शून्यावर.

"इथं प्राणवायू शून्य?" साहेबांनी चष्मा काढला.

"खोली कोंदट असेल," सुधाकरराव म्हणाले. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. शून्य. डबी बदलली. शून्य!

गणपानं छातीवर हात ठेवला. "सायेब, माजं काळीज चालू हाय. हवा न्हाई तर त्ये कशावर चालतंय?"

"गप रं," मी म्हणालो. "सुधाकरराव, भाईर उसात न्या. तिथं लय वारं हाय."

उसात नेलं. पानं सळसळतायत, माझी टोपी उडाली आणि सुई शून्य! मी म्हणालो, पाण्याच्या टाकीवर चढू. धापा टाकत चढलो. शून्य.

"या यंत्राच्या मते," साहेब आभाळाकडं बघत म्हणाले, "आपण सगळे सकाळीच गेलो."

"तरीच कवापास्नं भूक न्हाई लागली," गणपा म्हणाला.

सुधाकरराव पायरीवर बसले. चेहरा एवढासा झाला होता. "नाना, काल सगळं ठीक होतं हो. रात्रीत काय झालं? गळती लागली का?"

मला गहिवरून आलं. पाठीवर हात ठेवला. "आवं, गळतीचं नाव काडू नका. पाची भोकं म्या सोत्ता बुजवलीत."

"कुठली भोकं?"

"झाकणावरची. तुमी ऱ्हाऊ दिल्याली."

पोरगा ताडकन उठला. "नाना... त्या भोकातनं डबी श्वास घेते हो! पाणी पडद्याच्या आत राहतं, भोकातनं हवा आत जाते. तुम्ही तिचं नाक दाबलंत!"

पाच नाकं, अहो! एकाच अंगठ्यानं!

गणपा पायरीवर लोळून हसला. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती: लाख स्पिरिटात विरघळते. आणि आपण उभे कुठं? स्पिरिटच्या भट्टीशेजारी! "सायेब, वाईच स्पिरिट आन् कापूस मिळंल का?"

"नाना, पुसायला बरं का, प्यायला न्हाई," गणपा म्हणाला.

तासभर बसलो. घाई केली नाही. एकेक टिपका पुसला, झाकण उन्हाकडं धरलं, पुन्हा पुसलं. चांदणी दिसेपर्यंत. पहिलं झाकण बसवलं. सुई थरथरली, उठली, चढली आणि एकवीसवर जाऊन उभी राहिली. एवढा आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

मग लांब वायरीला डबी बांधून मळीच्या टाकीत सोडली. सुई घसरत घसरत अकरावर आली. गणपाचं हसू थांबलं. त्यानं खांद्यावरचा दोर हळूच खाली ठेवला. "म्या आता ह्यातच उतरनार हुतो," एवढंच बोलला.

साहेबांनी पंखा लावून आत हवा ढकलली. दुपारी सुई वर चढून एकवीसला टेकली, तेव्हा गणपा उतरला, टाकी घासली आणि शिट्टी वाजवत वर आला. वर येताच माझ्या पाया पडला. मी म्हणालो, बाबा, सुधाकररावांच्या पड. कारखान्यानं आणखी यंत्रं मागवली.

सुधाकररावांनी मला कामावरनं काढलं? छे! मोठं काम दिलं. झाकणांना भोकं पाडायचं. जन्मभर बुजवणारा मी, आता पाडणारा! पहिलं झाकण घेतलं, बारीक गिरमिटानं नेमकं मधोमध भोक पाडलं, समाधानानं उन्हाकडं धरलं. चांदणी चमकली.

आणि खरं सांगू? हात आपोआप खिशात गेला.

खिसा रिकामा. माझी लाख सुधाकररावांनी सकाळीच काढून कपाटात कुलूपबंद केली होती.