आत्येच्या जागी उभी केलेली पोर

आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याच्या चाचींनी माझी लेक मला परत मिळवून दिली. हे आधीच लिहितो, कारण या हकिकतीत शहाणपण सगळं त्यांचं आणि चूक माझी.

मी कोकणातला. दुसरीतून शाळा सुटली, घाट चढून आलो आणि कोल्हापुरात गुळाच्या पेठेत तोलाईला लागलो. छत्रपती महाराजांच्या राज्यात कष्ट करणाऱ्याला काम मिळतं. मंगळवार पेठेत बिऱ्हाड केलं. सहा वर्षं झाली, तरी चाची मला ‘पावणं’च म्हणतात.

यंदा मुलगा झाला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्येचा. पण माझी बहीण घाटाखाली, एवढ्या लांब कशी येणार? मग आमची पाच वर्षांची थोरलीच तिच्या जागी उभी केली. तिने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी दारातून हसत ओरडलो, “हाणा जोरात, नाव पक्कं बसू दे!”

त्या दिवसापासून पोर पाळण्याकडे फिरकेना. भिंतीला पाठ लावून बसायची, तिथेच जेवायची. बोलणं जवळजवळ बंद. मी टोपी काढायला हात उचलला तरी दचकायची. चार वेळा दृष्ट काढून झाली. पोर हातची गेली की काय, या धास्तीने माझं तोलाईतही लक्ष लागेना.

चाची बाळंतिणीला बघायला आल्या आणि पोरीकडेच बघत राहिल्या.

“पावणं, हिला कुणी मारलंय काय?”

“छे हो! बोटसुद्धा लावलं नाही कुणी.”

“मग पाठ का झाकतीया?”

तेव्हा मी बारशाचं सांगितलं.

“आन् तुमी दारात हुबं ऱ्हाऊन ‘हाणा’ म्हणालासा? त्यो आत्याचा मान हाय, हे तिला सांगितलं कुणी? तिला वाटलं आसंल, भाऊ आला, आता आपल्याला बडवत्यात.”



चाची घरी जाऊन कापूस घेऊन आल्या. फडक्यात गुंडाळून त्याचं बाळ केलं, सुपात निजवलं. “आज ह्याचं बारसं. पावणं, तुमी आत्या. वाका!”

मी वाकून ‘कुर्र’ केलं. चाचींनी असा धपाटा घातला की माझी टोपी बाळावर पडली.

“बाबा, लागलं?” भिंतीकडून आवाज आला.

“लागलं की.”

“मग रडत का नाही?”

“अगं, आत्येला गमतीने मारतात. तिच्यावर रागवत नाही कुणी.”

ती भिंतीपासून उठली. जवळ आली आणि दोन्ही मुठींनी माझी पाठ बडवू लागली.

“आनखी हाण! कोकणातली पाठ हाय, मोडत न्हाय!” चाची ओरडत होत्या. आतून बायकोचं हसू ऐकू आलं.

संध्याकाळी पोरीने स्वतःहून पाळण्याची दोरी धरली.

आपली थट्टा लहानांना कळतेच, असं मी धरून चाललो होतो. आता घरात काही करायचं झालं, की आधी तिला जवळ घेऊन सांगतो.

चाचींची लेक कुरुंदवाडला दिलेली आहे. ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी येईल, तेव्हा थोरल्या नातीकडे बघायला कुणाला सवड नसेल. चाची, तिला मी पेठेत खांद्यावरून हिंडवीन, ती विचारील तितक्यांदा उत्तर देईन. तुमचे उपकार मी असे फेडीन.