शून्याच्या दोन रेघा खाली

सरकारी दवाखान्यात तपासणीचा नंबर यायला अजून चार माणसं होती. काकूंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"आत तोंड उघडायचं नाही. विचारतील तेवढंच बोलायचं."

"बरं."

"बरं म्हणता आणि करता आपलंच."

काटेकाका हातांकडे बघत बसले होते. हात मांडीवर पालथे पडले होते, कुणीतरी बाकावर विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे. सकाळी शर्टाची बटणं काकूंनी लावली होती. एक राहिलं होतं. ते राहिल्याचं काकांना बोटांनी नाही, आरशाने सांगितलं.

पस्तीस वर्षं हा माणूस वजनकाटे दुरुस्त करत आला. काटा सोनाराचा असो, औषधवाल्याचा असो, आधी रिकामं पारडं शून्यावर आहे का ते बघायचं, मग गिऱ्हाइकाशी बोलायचं. बाजारातही तेच. भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की पारडं पुसून घ्यायची. "काका, वांगी घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?" काका हसायचे, पण काटा स्थिर होईपर्यंत पिशवी पुढे करायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मानेतली नस दबली. ऑपरेशन झालं. दुखणं गेलं आणि त्याच्याबरोबर बोटांतली जाणीवही गेली. मूठ मिटायची, पण मुठीत काय आहे हे कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, सवयीने सुधारेल. सवय झाली ती वस्तू खाली पडण्याची.

तेव्हा काकूंनी दुकानात टेबलामागे पडदा लावला.

पुढे काका बसत, डोळ्याला भिंग लावून. गिऱ्हाईक आलं की नेहमीसारखे दोन टोमणे मारत आणि काटा आत नेऊन ठेवत. दुपारी शटर अर्धं ओढलं की पडद्यामागे काम सुरू होई. काका बोलत, काकू फिरवत. "डावीकडे. पाव. अजून केसभर. थांब." ज्या बाईने लग्नानंतर स्वयंपाकघरातला वजनकाटासुद्धा नवऱ्याच्या धाकाने कधी हलवला नव्हता, ती सहा महिन्यांत सोनाराचा काटा उघडून बसवायला शिकली. काटे दुरुस्तीचा सरकारी परवाना एकट्या काकांच्या नावावर होता. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर सही काकांची, त्यांचा हात धरून काकूंनी केलेली. हे बाहेर फुटलं असतं तर परवाना त्याच दिवशी गेला असता.

अपंगत्वाच्या भत्त्याचा पहिला अर्ज याच पडद्याने बुडवला. चौकशीला तपासनीस दुकानात आले, तेव्हा फळीवर तीन काटे तयार होते आणि सोनार आपला काटा न्यायला समोर उभा होता.

"हे तुम्ही दुरुस्त केलेत?" तपासनीसांनी विचारलं.

पडद्यामागे काकूंचा हात थांबला. काकांनी सोनाराकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

महिन्याने पत्र आलं. अर्जदार काम करतो, सबब अर्ज नामंजूर.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचे हात गेले ते समजलं. माझे कुठे गेले ते कुणी विचारत नाही. मला ते परत पाहिजेत."

म्हणून हे अपील. याच्यापुढे आणखी अपील नव्हतं. आज नकार आला तर पडदा कायमचा.

शेजारी कुबड्या घेऊन बसलेला माणूस बराच वेळ या दोघांकडे बघत होता. एक पाय मांडीपासून नव्हता.

"हाताचं का?" त्याने विचारलं. "मग ऐका काका. यंत्र दाबायला देतात. आकडा दहाच्या आत आला पाहिजे. जोर लावू नका. जोर लावणारे सगळे घरी गेले."

"आणि तुमचं?"

"माझी तिसरी खेप. पाय उगवला का, ते बघायला बोलावतात."

काकूंना हसू आलं आणि लगेच मावळलं. आतून नंबर पुकारला होता.

खोली लहान होती. डॉक्टरबाई फाईल वाचत होत्या. वाचता वाचता एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ती ओळ कुठली, हे काकांना उलट्या बाजूनेही कळलं.

"दुकान चालू आहे ना तुमचं?"

"आहे."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. पकड मोजायचं यंत्र पुढे सरकवलं. लोखंडी मूठ, वर गोल तबकडी. काकांची नजर आकड्यांवर नाही, काट्यावर गेली. यंत्राला कुणी हात लावला नव्हता आणि काटा शून्याच्या दोन रेघा खाली झोपला होता.

"दाबा. सगळा जोर लावून."

काकांनी मूठ धरली. कुबडीवाल्याचं बोलणं कानात होतं, पण अर्ध्या जोराने काम करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. दात आवळून त्यांनी दाबलं. तीनदा.

"नऊ," बाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

मागे खुर्चीवर काकूंनी श्वास सोडला. दोन वर्षं कोंडलेला असावा इतका लांब.

काकांनी त्या पेनाकडे पाहिलं. नऊ आणि दोन अकरा. पस्तीस वर्षांत त्यांच्याकडे शेकडो काटे आले. प्रत्येक माणूस तक्रार घेऊन आला, काटा मला फसवतोय म्हणून. काटा माझ्या बाजूने खोटं बोलतोय, तो नीट करा, असं म्हणत एकही आला नव्हता. आपण तोंड शिवून बसलो तर बसलो. कुणाचं वजन कमी होणार होतं?

पेन कागदाला टेकलं.

"शून्य बघा," काका म्हणाले.

"काय?"

"काटा रिकामा असताना दोन रेघा खाली आहे. अकरा आले. नऊ नाही."

  काकांना मागे वळून काकूंकडे बघण्याची छाती झाली नाही.

डॉक्टरबाईंनी यंत्र जवळ ओढलं, डोळे बारीक करून पाहिलं. मग काकांकडे पाहिलं, त्या नजरेत कौतुक नव्हतं.

"इतकं बारीक दिसतं तुम्हाला. फाईलीत लिहिलंय ते खरंच दिसतंय." त्यांनी खणातून चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. "लावा शून्यावर. तुमचंच काम आहे."

काकांनी तो उचलला. उचलला असं त्यांना वाटलं. तो टेबलावरच होता. दोन्ही तळव्यांत धरून पुन्हा उचलला, टोक स्क्रूच्या खाचेपाशी नेलं. ते घसरलं. पुन्हा नेलं. तबकडीच्या काचेवर पातळ ओरखडा उठला. कपाळावर घाम आला. स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला, तिथून घरंगळत जमिनीवर, आणि तो हातात नाही हे काकांना आवाजाने कळलं.

काकू कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नसेल. वाकून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक खाचेत बसवलं आणि थांबल्या. रोजच्यासारख्या.

"उजवीकडे," काका हळूच म्हणाले. "पाव. अजून. केसभर. थांब."

काटा शून्यावर उभा राहिला.

 काकूंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलंय.

"दुकानात हे असंच चालतं?" बाईंनी विचारलं.

 काकूच म्हणाल्या, "दोन वर्षं."

"आणि परवाना?"

"यांच्या नावावर."

बाईंनी काकांना पुन्हा मूठ दाबायला लावली. अकरा. तोच आकडा त्यांनी लिहिला. काकूंनी डोळे मिटले.

"आकड्यात तुम्ही बसत नाही," बाई म्हणाल्या. "मागच्या पानावर एक जागा आहे. प्रत्यक्ष काम करताना काय दिसलं. सहसा कोरी राहते, इथे कोण काम करून दाखवणार. मी बघितलं ते लिहू शकते. पण मग कोणाच्या हातांनी काम होतं, तेही लिहावं लागेल. परवाना राहणार नाही. भत्ता मिळेलच, असंही नाही. ते वर ठरतं."

काकांनी आता बाजूला पाहिलं. काकू नजर देत नव्हत्या. त्यांचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत होता, पाव, केसभर, समोर स्क्रू नसतानाही.

"लिहा," काका म्हणाले.

बाहेर कुबडीवाला वाटच बघत होता. "किती?"

"अकरा."

"सांगितलं होतं ना, जोर लावू नका."

घरी न जाता काका थेट सोनाराकडे गेले. पडद्यामागचं काम बाहेरून कळण्याआधी आपल्या तोंडून कळलेलं बरं. सोनाराने सगळं ऐकून घेतलं, हातातली अंगठी पारड्यातून काढून ठेवली.

"मला माहीत होतं, काका. तुमचा स्क्रू नेहमी जरा जास्त आवळलेला असायचा. आमचा पोऱ्या शिव्या द्यायचा उघडताना. दोन वर्षं नाही देत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

काकांना या उत्तराने बरं वाटलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

सात आठवडे गेले. दुकान बंद ठेवलं होतं. पाकिटं एकाच दिवशी आली, दोन. काकूंनी दोन्ही उभ्या उभ्याच फाडली. एकात परवाना रद्द झाल्याचं होतं. दुसरं त्यांनी दोनदा वाचलं, मग काकांच्या डोळ्यांसमोर धरलं. निरीक्षण ग्राह्य धरून अपील मंजूर.

काका दुकानात जाऊन रिकाम्या टेबलाशी बसले. काकूंनी स्टुलावर चढून पडदा काढला, झटकला आणि धुवायला घेऊन गेल्या.