नऊ मण दगडाचा चुना

जवळा बाजारच्या जलालुद्दीनचाचांना मी एकदा चोर म्हटलं होतं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

चाचा चुन्याची भट्टी लावायचे. दाढी, भुवया, पापण्या सगळं पांढरं. खरं वय त्यांच्या बायकोला, मदीनाबींनाच ठाऊक. चुनखडीचा एकेक खडा धुऊन, जिभेला लावून पारखल्याशिवाय भट्टीत जात नसे. मातकट खडा जिभेला चिकटतो म्हणे. आम्ही हसायचो.

१९४१ साली शाळेची इमारत काढली आणि देखरेख माझ्याकडे आली. मी औरंगाबादेहून शास्त्र शिकून आलेला नवा मास्तर, अंगात वारं शिरलेलं. शाळेच्या चुन्यासाठी चाचांनी धुऊन ठेवलेली नऊ मण चुनखडी मी तोलून दिली. चुना आला पाच मण. पदार्थ नाहीसा होत नाही, हा नियम मला तोंडपाठ. मग चार मण गेले कुठं? भर बाजारात मी त्यांना चोर म्हणालो. त्या दिवसापासून त्यांच्या भट्टीकडं कुणी फिरकेना.

चाचा भांडले नाहीत. शाळेत येऊन एवढंच म्हणाले, "मास्तर, पुढची भट्टी तुमच्या डोळ्यांम्होरं लावतो. दगड तुमीच तोला, राखणही तुमीच करा."

मी धुतलेले खडे पुन्हा नऊ मण तोलून दिले आणि हट्टानं तीन दिवस भट्टीपाशी बसलो. मदीनाबी भाकरी पाठवत राहिल्या, नवऱ्याला चोर म्हणणाऱ्या माणसासाठी. भट्टी निवल्यावर चुना मीच काढला, मीच तोलला. पाच मण. पुन्हा तोलला. पाचच.

"नऊचे पाच," चाचा म्हणाले. "बापाच्या वक्तापासून बराबर नऊचे पाच. बाकीचं हवा होऊन जातं. तुमच्या किताबात न्हाई व्हय?"

किताबात होतं. दगडातून निघून जाणारा वायूही वजनात धरायचा असतो, आणि शुद्ध चुनखडीत त्याचं प्रमाण ठरलेलं असतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. लाज वाटली, अजून वाटते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी चारचौघांत माफी मागितली आणि तसाच भट्टीवर गेलो. चाचा खडे धुवत बसले होते.

"हे काहून धुतो, विचारलं का कदी?" ते म्हणाले. "माती जळून हवा होत न्हाई, मास्तर. न धुता, न पारखता, मातीसकट नऊ मण भाजलं असतं तर सात मण भरलं असतं. मंग तुमी मला इमानदार म्हणला असता, आन् तुमची शाळा दोन पावसाळ्यांत ढासळली असती."

त्यांनी पुढचा खडा उचलून जिभेला लावला. मी शेजारी बसून धुवू लागलो.