ट्रॉलीच्या हुकावरचा ठोका
वेल्डिंगचा वास आला की माझं डोकं तापतं. पिंप्राळ्यात घरामागे आमची वेल्डिंगची शेड होती, आमच्या यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हाताखाली मीही काम शिकले होते. एकदा हे तापाने पडलेले अन् एक शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आला. हुकाचं भोक झिजून पिन खडखडत होती, आणि उद्या त्याच ट्रॉलीत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बसणार होत्या. मी भोकात लोखंडी कडी बसवून वेल्डिंग केलं. पिन जराही हलेना. तरी बाईच्या कामावर विश्वास न ठेवता तो म्हणे, "वहिनी, हाई बाईनं काम शे का? भाऊले बलावा." तापातल्या माणसाला उठवलं. यांनी हुकावर हातोडीचा नुसता एक ठोका मारला. "आते पक्कं व्हयनं!" म्हणत तो खुशीत गेला. वेल्डिंगच्या उजेडाने दोन दिवस डोळे माझे चुरचुरले, शाबासकी त्या ठोक्याला. आज म्हातारपणीही ते आठवलं की हातोडीसाठी हात शिवशिवतो.