हातांना वाचता येत नाही

ताओयुआनच्या त्या कारखान्यात आ-लुआनसारखा हात दुसरा नव्हता. पट्ट्यावरून उघडा संगणक सरकत समोर आला, की दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत रॅमची एकेक कांडी, अंगठ्याने खट् खट्, की चालला पुढे. सगळे एकाच साच्यातले. एकदा तर सासूच्या मयताची हकिकत सांगताना ती आणि शेजारची मेइ-च्याओ दोघी हुंदके देत होत्या, कांड्या मात्र बिनचूक बसत होत्या.

मग तो एकसारखा माल गेला व्हिएतनामला, मजुरी स्वस्त म्हणून. इथे उरलं फर्माइशी काम. गिऱ्हाईक सांगेल तसा संगणक, तोही अख्खा एकाच माणसाने जोडायचा. कुणाला कांडी एकच हवी, कुणाला चार. आ-लुआनचा नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे विचारतो कोण? पोराच्या वयाचा प्रमुख त्साई म्हणाला, वर्षअखेरपर्यंत पाहू, जमलं तर राहा.

आणि ज्या हातांनी जन्मभर पोसलं, तेच वैरी झाले. चिठ्ठीवर चार लिहिलेलं असायचं, ती तोंडाने चार म्हणायची, आणि दोन बसवून झाकण आवळून मोकळी. मेइ-च्याओ म्हणाली, तुझे हात अजून जुन्याच सासरी नांदतायत. सगळ्या हसल्या, आ-लुआनही हसली.

"ताई, आधी चिठ्ठी वाचायची, मग हात लावायचा," त्साई म्हणाला.

"वाचते रे बाबा. डोळ्यांना कळतं. हातांना वाचता कुठं येतं?"

मग तिने उपाय काढला. कांडी उचलण्याआधी दोन्ही हात मांडीखाली दाबायचे, चिठ्ठी पुन्हा वाचायची, मगच हात सोडायचे. चुका थांबल्या, पण कामाचा वेग मेला. घरी नवऱ्याला पेज भरवतानाही चमचा तोंडाशी नेऊन ती थबकायची.

शेवटच्या परीक्षेला त्साई स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. दया येऊन त्याने चिठ्ठीही मुद्दाम शोधून आणली होती: दोन कांड्या, दुसऱ्या नि चौथ्या खाचेत. हुबेहूब जुना माल.

आ-लुआनचे हात आपोआप उचलले गेले. दचकून तिने ते मागे ओढले. चिठ्ठी वाचली, दोनच. पुन्हा वाचली. हात मांडीखाली गेले ते निघेचनात.

"ताई, दोनच आहेत. बसवा," त्साई हळूच म्हणाला.

"हातही तेच म्हणतायत," ती म्हणाली, "म्हणून तर भीती वाटते."

सुटीची घंटा झाली तरी संगणक तसाच उघडा होता.

वर्षअखेरच्या जेवणात ताटातल्या अख्ख्या कोंबडीचं मुंडकं मालक ज्याच्याकडे वळवेल त्याची नोकरी गेली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्या वर्षी मालकाने माणुसकी म्हणून मुंडकं छाटूनच कोंबडी मांडली. आ-लुआनच्या खुर्चीवर मेइ-च्याओने आपली पिशवी ठेवली होती.