छेरछेराला मागितलेली फरशी

छताचा स्लॅब घातला त्या दिवशी आम्ही वस्तीत जिलेबी वाटली, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की फरशीसाठी हातात काहीच उरलेलं नाही. भिंती उभ्या होत्या, वर छत होतं, दारं-खिडक्या लागल्या होत्या. खाली मात्र नुसता मुरूम. त्यावर सतरंजी अंथरून पोरं बसायची आणि उठायची ती अंगभर लाल होऊन.

ही खोली म्हणजे आमच्या ताईंचं वेड. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्या आणि घरी बसण्याऐवजी रुळांच्या कडेच्या वस्तीत जाऊन बसायला लागल्या. तिथले आईबाप पहाटे कामाला निघून जात, बायका धुणीभांडी करायला, पुरुष बांधकामावर, आणि मागे पोरं दिवसभर मोकळी. कोणी रुळांवर, कोणी कचऱ्याच्या ढिगावर. ताईंनी त्यांना कडुनिंबाखाली जमवायला सुरुवात केली. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला ओढलं. मग आणखी माणसं आली. नगरसेवकाच्या मागे लागून जागा मिळवली, सिमेंट कोणी दिलं, सळ्या कोणी दिल्या, आणि वस्तीतल्या पोरांचं केंद्र उभं राहायला लागलं. फक्त जमिनीपाशी येऊन गाडी अडली.

आमच्यातले एक भैया छपाईचा धंदा करायचे. मनाने फार चांगला माणूस. ते म्हणाले, "दीदी, चंदे के लिए एक पर्चा छापते हैं. बस कुछ टचिंग फोटो चाहिए." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वस्तीत आले आणि एका लहान पोरीला मुरुमावर बसवून सांगायला लागले, "बेटा, हँसना नहीं. थोड़ा उदास दिखो." त्या पोरीला उदास होता येईना. ती ओठ मुडपायची आणि फस्सकन हसायची.

तेवढ्यात तिची आई कामावरून परतली. शंकर नगरच्या बंगल्यांत झाडूपोछा करणारी, उंच, काटक बाई. तिने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि शांतपणे छत्तीसगडीत म्हणाली, "हमर लइका भिखारी नोहे, भैया."

आमची पोरं भिकारी नाहीत. एवढंच बोलली आणि घरात गेली. भैयांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन खिशात टाकला आणि चपलेच्या टोकाने मुरूम उकरत उभे राहिले. ताई तेवढ्या म्हणाल्या, "बरोबर बोलली बाई."

परतताना मी स्कूटी चालवत होते, ताई मागे. आमच्या तात्यापाऱ्याच्या, म्हणजे जुन्या मराठी मोहल्ल्याच्या, गल्लीत वळलो. घरासमोर गाडी थांबवली तशी एकदम माझ्या खांद्यावर थाप बसली.

"वहिनी, पौषाची पौर्णिमा कधी हाये?"

"येत्या आठवड्यात असेल. काहून?"

"अवं, छेरछेरा!"

नवीन धान घरात आलं की पौषातल्या पौर्णिमेला छत्तीसगडमधली पोरं टोपल्या, झोळ्या घेऊन दारोदार 'छेरछेरा' ओरडत धान मागतात. त्या दिवशी मागणारा लहान नसतो आणि देणारा मोठा नसतो. गावच्या मालगुजाराचा पोरगाही शेजाऱ्याच्या दारात झोळी पसरतो.

"पण ताई, शहरात कोणाकडे धान आहे?"

"धान नाही, टाइल्स! मले सांग, तुह्या गच्चीवर किती पडून हायेत? बाथरूम केलं तेव्हाच्या? प्रत्येकाच्या घरी जिन्याखाली दोन खोकी राहतेतच. फेकवतही नाही अन् लागतही नाही. त्याच मागू."

मी आनंदाने ओरडलेच. माझी मुलगी, कॉलेजात जाणारी, घरात मराठी सगळं समजणारी पण उत्तर हिंदीतच देणारी, दारात आली. "मम्मी, क्या हुआ?" तिला सांगितलं तर तीही ओरडली. "ये तो बेस्ट है! मैं भी माँगूँगी!"

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यात आधी त्या उंच बाईच्या दाराशी गेल्या. नुसतं वस्तीतल्या पोरांना न्यायचं नाही, आमचीही पोरं येतील, आम्हीही झोळ्या घेऊ, हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "छेरछेरा मा तो राजा घलो मांगथे," ती म्हणाली. "हव, चलबो. महूँ जाहूँ." छेरछेराला राजासुद्धा मागतो, जाऊ, मीही येते.

पौर्णिमेच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. वस्तीतली पोरं, तात्यापाऱ्यातली पोरं, सगळ्यांच्या कानाला मफलर, खांद्याला झोळ्या. मागे सामानाचा छोटा हाथी टेम्पो. तो छपाईवाल्या भैयांनी आणला होता, आणि स्वतःच्या गळ्यातही झोळी अडकवली होती. आमच्याच गल्लीपासून सुरुवात केली. पहिल्या दाराशी पोरं एवढ्या जोरात "छेरछेरा!" ओरडली की वरच्या मजल्यावरची कबुतरं उडाली. शेजारच्या काकू तांदूळ घेऊन बाहेर आल्या. टाइल्स म्हटल्यावर आधी त्यांना कळलंच नाही. "कायच्या टाइल्स?" मग जीभ चावली, आत गेल्या आणि काकांना जिन्याखाली वाकवलं.

शंकर नगरात एका बंगल्याचे मालक स्वेटर घालून बाहेर आले आणि खिशात हात घालत म्हणाले, "रुको बच्चों, पैसे देता हूँ."

"पैसे नहीं अंकल, टाइल!" सगळी पोरं एका सुरात.

ते गृहस्थ असे हसले की बायको, सून, नोकर सगळे बाहेर आले. गॅरेज उघडलं. काळ्या चकचकीत टाइल्सचं एक अख्खं खोकं निघालं.

तेलीबांध्याच्या उंच इमारतींत गार्डने अडवलं. सेक्रेटरी खाली आले, परवानगी कोणाची वगैरे विचारायला लागले. उंच बाई पुढे झाली आणि तिने खालूनच अशी खणखणीत हाक दिली की बाल्कन्यांत माणसं आली. कोणीतरी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असणार. लिफ्ट उघडली की माणूस टाइल्स घेऊन बाहेर! निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या. गाउनवर शाल पांघरलेल्या एक बाई अर्धी फुटलेली टाइल घेऊन आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "ये चलेगी?"

"चलेगी!" पोरं किंचाळली. शेवटी सेक्रेटरीही वर गेले आणि घामाघूम होऊन दोन खोकी घेऊन उतरले.

दुपारपर्यंत छोटा हाथी मागून पार बसला होता. आवाज कोणाचाच शिल्लक नव्हता. तांदूळही बराच जमला होता, त्याची वस्तीत खिचडी शिजली आणि आम्ही सगळे मुरुमावरच पंगत मांडून जेवलो.

मिस्त्री आला आणि त्याने ढीग बघून मान हलवली. "मैडम, कोई मोटी, कोई पतली. साइज सबका अलग. ऐसे फर्श नहीं बनता."

सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी खाली बसले, ती अर्धी फुटलेली टाइल हातात घेतली, शेजारी एक काळी ठेवली, एक पिवळी ठेवली. आणि मान वर करून मिस्त्रीला विचारलं,

"भैया, सगळ्या फोडल्या तर?"

"पूरी?"

"पूरी. तुकडे बसवू."

त्याने विचार केला. "पतली के नीचे मसाला ज़्यादा डालूँगा. हो जाएगा."

मग काय! टाइल्स बारदानाच्या पोत्यात घालायच्या आणि वरून हातोडा. पहिला घाव ताईंनी घातला, पदर खोचून. पोरांना आजवर प्रत्येकाने 'फोडू नको' हेच सांगितलं होतं. आता रांग लागली होती. चित्र कशाचं, यावर भांडणं झाली. कोणाला तलाव हवा, कोणाला कोंबडी, कोणाला हत्ती. मी खडूने सगळंच काढून दिलं. तलाव मधोमध, त्यात मासे, कोंबडी हिरवी झाली कारण पांढरे तुकडे माशांनी खाल्ले, आणि भिंतींच्या कडेकडेने खोलीभर एक लांबच लांब आगगाडी. पोरं तुकडे निवडून द्यायची, मिस्त्री बसवायचा. सुरुवातीला तो कुरकुरला, पण मग एका सकाळी बघतो तर कोपऱ्यात त्याने स्वतःच्या मनाने एक बकरी बसवलेली. दाढीसकट.

उद्घाटनाला मंत्री नव्हता, फीत नव्हती. टाइल्स देणाऱ्यांना बोलावलं होतं आणि ते आले, तेही पोराबाळांसकट. भली भली माणसं कमरेत वाकून आपापला तुकडा शोधत होती. "अरे, ही आपल्या किचनची! ही बघ, कोंबडीच्या पायात!" मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. मुलगी मला कोपराने ढोसत होती, "मम्मी, रोना बंद करो ना, सब देख रहे हैं."

संध्याकाळी पाहुणे गेले आणि वस्तीतले आईबाप कामावरून थेट तिथेच आले. दाराशी चपला काढल्या, पाय झाडले, आणि थोडे बिचकत आत आले. एकेक करत बसले. कोणी हाताने गुळगुळीत फरशी चाचपत होतं, कोणी लेकराने दाखवलेला मासा पाहत होतं. अंधार पडायला आला तरी उठायचं कोणी नाव घेईना.

"जा न आता घरी! मले कुलूप लावायचं हाये," ताई दारातून ओरडल्या.

कोणी हललं नाही. ताईंनी किल्ली कमरेला खोचली. मग आत आल्या, भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या एका पोरीला म्हणाल्या, "सरक वं थोडी, मलेही बसू दे."